चिंग साम्राज्याची तिजोरी: बंडे, सुधारणा आणि परकी घुसखोरी

१७१२ साली चीनच्या कांगशी बादशहाने एक फर्मान काढले. राज्यात स्वस्थता आहे, माणसे वाढत आहेत. तेव्हा डोईपट्टीसाठी आज जेवढी माणसे मोजली आहेत तेवढीच यापुढे धरावीत, नंतर जन्मणाऱ्यांवर पट्टी वाढवू नये, असा त्याचा आशय. पुढच्या बादशहाच्या काळात ही गोठवलेली डोईपट्टी शेतसाऱ्यात मिसळली गेली. चिंग घराण्याचे मांचू हे चीनमध्ये बाहेरून आलेले राज्यकर्ते. रयतेवर बोजा न टाकणारा राजा अशी ओळख त्यांना हवी होती, आणि कांगशीच्या मनात काही खोट होती असे मानायचे कारण नाही. पण या फर्मानाने पुढच्या दोनशे वर्षांचे हात बांधले, असे मला वाटते.

१७०० च्या सुमारास चीनची लोकसंख्या १५ कोटींच्या आसपास होती. १८५० पर्यंत ती ४३ कोटींच्या घरात गेली. सरकारचा महसूल मात्र वर्षाला चार-साडेचार कोटी ताएल चांदीपाशीच घुटमळत राहिला. (एक ताएल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम.) जिल्हे होते सुमारे १,३००, आणि त्यांची संख्याही फारशी वाढली नाही. म्हणजे १९ व्या शतकाच्या मध्यावर एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या पदरात सरासरी तीन लाखांहून जास्त माणसे आली. न्यायनिवाडा, सारावसुली, पूर, चोऱ्या, परीक्षा, सगळे त्यानेच बघायचे. कारकून आणि प्यादे ठेवायला सरकारकडून पुरेसा पैसा नाही. मग ती माणसे आपला पगार रयतेकडूनच काढत: अर्जाला फी, पावतीला फी, चांदी वितळवताना घट येते म्हणून वरकड. कागदावर कर हलका राहिला, पण शेतकऱ्याच्या कनवटीचा पैसा वाचला नाही. तो फक्त सरकारच्या तिजोरीपर्यंत पोचत नव्हता.

चिंग घराणे का कोसळले, या प्रश्नावर गेल्या शतकात ढीगभर लिहिले गेले. अमेरिकेतल्या जॉन फेअरबँक यांच्या पिढीने पाश्चात्त्यांचा धक्का आणि त्याला चीनने दिलेले उत्तर अशी मांडणी केली. चीनमधल्या मार्क्सवादी इतिहासकारांनी साम्राज्यशाही आणि सरंजामशाही यांना गुन्हेगार ठरवून ताइपिंग बंडखोरांना शेतकरी क्रांतीचे पूर्वज मानले. १९७० मध्ये फिलिप कून यांनी बंडे मोडण्याच्या खटपटीत स्थानिक सत्ता कशी सशस्त्र झाली हे दाखवले. १९८४ मध्ये पॉल कोहेन यांनी चीनचा इतिहास चीनच्या आतून पाहा, असा आग्रह धरला. या प्रत्येक मांडणीने काही ना काही पदरात टाकले आहे. तरी अजूनही बंडांचा इतिहास एका पुस्तकात, सुधारणांचा दुसऱ्यात आणि परकी आक्रमणाचा तिसऱ्यात अशी वाटणी दिसते. मला हे तिन्ही एकाच ठिकाणी भेटताना दिसतात, आणि ते ठिकाण म्हणजे तिजोरी. पैसा कोणाकडून आला, कोणी उचलला आणि कोणाकडे गहाण पडला, हे पाहत गेले की सगळी गुंतागुंत एका धाग्यावर येते.

पहिला मोठा घाव घरातूनच बसला. १७९६ मध्ये हुबेई, सिचुआन आणि शेन्शी यांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात श्वेतकमळ पंथाचे बंड उसळले. जमीन न मिळालेली माणसे तिथे जंगल तोडून मका आणि रताळी पिकवत होती. प्याद्यांचा जाच त्यांनाच सर्वांत जास्त होता. बंड मोडायला आठ-नऊ वर्षे आणि दहा कोटींहून जास्त ताएल लागले. छियानलोंग बादशहाने साठवलेली शिल्लक त्यात संपली. दरबारातला त्याचा लाडका हशेन याने लष्करी खर्चातही हात मारला होता. म्हातारा बादशहा १७९९ मध्ये वारला आणि नव्या बादशहाने काही दिवसांतच हशेनला जीव द्यायला लावला. अखेर बंड आवरले ते गावांभोवती तट बांधून, धान्य आत नेऊन आणि गावकऱ्यांच्याच हाती शस्त्रे देऊन. ही युक्ती दरबाराच्या लक्षात राहिली.

यानंतर अफू आली, आणि इथे मुंबईचे नाव टाळता येत नाही. बंगालची अफू कंपनी सरकारच्या मक्त्यात होती. माळव्याची अफू मात्र खासगी व्यापाऱ्यांच्या हाती होती. पूर्वी ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गे चोरून जाई, पुढे परवाने काढून मुंबईहून जाऊ लागली. जमशेटजी जीजीभाई आणि कँटनची जार्डिन मॅथेसन कंपनी यांचा व्यवहार याच मालावर वाढला. जे. जे. रुग्णालयापासून कितीतरी लोकोपयोगी कामांना जो पैसा लागला, त्याचा एक उगम तिथे आहे. मुंबईचा इतिहास लिहिताना हे सांगायलाच हवे.

चिनी दरबाराला व्यसनापेक्षा अफूपायी बाहेर जाणाऱ्या चांदीची चिंता जास्त होती, आणि ती खोटी नव्हती. शेतकरी बाजारात धान्य विकून तांब्याची नाणी मिळवी, पण सारा चांदीच्या भावाने भरावा लागे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला एका ताएलला सुमारे हजार तांब्याची नाणी पडत. १८४० च्या दशकाच्या अखेरीस दोन हजारांहून जास्त पडू लागली. साऱ्याचा आकडा तोच राहिला आणि भरणाऱ्याचा बोजा दुप्पट झाला. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतून येणारी चांदी आटली हेही यामागचे एक कारण होते, आणि अलीकडचे अभ्यासक त्याला बरेच वजन देतात. पण रयतेच्या दृष्टीने परिणाम एकच होता.

१८३९ च्या मार्चमध्ये लिन झेशू हा खास अधिकारी कँटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींतच कोंडले आणि २० हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेतली. जूनमध्ये हुमेन इथे समुद्रकाठी मोठे हौद खणले गेले. तळाला दगडी फरशी, कडेने लाकडी फळ्या. हौदात पाणी सोडायचे, मीठ टाकायचे, अफूचे गोळे फोडून घालायचे, वर कळीचा चुना ओतायचा. चुन्याने पाणी उकळू लागले की मजूर फावड्यांनी ढवळत राहत, आणि ओहोटीला दार उघडून सगळा राडा समुद्रात सोडत. हे काम तीन आठवडे चालले. पाणी घाण होणार म्हणून लिनने आधी समुद्रदेवतेची क्षमा मागितली होती. इतका नेटका आणि प्रामाणिक अधिकारी त्या काळात विरळाच. यावरून इंग्रजांशी पहिले अफू युद्ध पेटल्यावर दरबाराने त्यालाच दोषी धरून पार इलीकडे हद्दपार केले.

ते युद्ध ठरले तोफांवर आणि वाफेवर. तरी निर्णायक घाव कुठे बसला ते पाहावे. १८४२ च्या जुलैत इंग्रजांनी झेनजिआंग घेतले. दक्षिणेचे धान्य पेकिंगला नेणारा महाकालवा तिथेच यांगत्सेला मिळतो. राजधानीची अन्नाची नाडी हातात आल्यावर दरबार तहाला तयार झाला. २९ ऑगस्टला नानकिंगजवळ कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर तहावर सह्या झाल्या. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातल्या जमशेटजी बोमनजींनी सागवानात बांधलेली, १८१३ मध्ये पाण्यात उतरलेली. हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली आणि २ कोटी १० लाख डॉलर द्यायचे ठरले. त्यांतले ६० लाख हुमेनला नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून होते. पुढच्या वर्षीच्या पुरवणी तहाने इंग्रजांवरचे खटले चिनी न्यायालयांबाहेर गेले आणि एका परकी देशाला मिळालेली सवलत दुसऱ्यांनाही मिळण्याचा पायंडा पडला.

याच काळात ग्वांगडोंगमधला होंग शिउछुआन हा हाक्का जमातीचा तरुण परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत होता. आजारपणात त्याला दृष्टान्त झाले. १८४३ मध्ये एका चिनी ख्रिस्ती प्रचारकाची पुस्तिका वाचून त्याने त्यांचा अर्थ लावला: आपण येशूचे धाकटे भाऊ. १८५१ मध्ये ग्वांगशीत त्याने ताइपिंग राज्याची घोषणा केली आणि १८५३ मध्ये नानकिंग जिंकून तिथे राजधानी केली. जमिनीची समान वाटणी आणि सामाईक कोठारे यांच्या योजना त्याच्याकडे होत्या. पुढे त्याचा चुलतभाऊ होंग रेनगान याने रेल्वे, बँका, टपाल आणि वर्तमानपत्रे यांचा कार्यक्रम मांडला. आधुनिक चीनचा असा कार्यक्रम पेकिंगच्या दरबारात मांडला जाण्याआधी बंडखोरांच्या राजधानीत लिहिला गेला, याकडे अजूनही पुरेसे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात यातले फारसे काही उतरले नाही. १४ वर्षांत दोन कोटींहून जास्त माणसे मेली, असा अंदाज आहे. यांगत्सेच्या खोऱ्यातले साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत जिल्हे ओस पडले. शिवाय उत्तरेला न्यान बंड, युन्नानमध्ये आणि वायव्येला मुसलमानांचे उठाव. त्यातच १८५५ मध्ये पीत नदीने पात्र बदलले आणि शानडोंगच्या दक्षिणेऐवजी उत्तरेने समुद्राला मिळू लागली. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी स्थिती होती.

नियमित सैन्य कुचकामी ठरल्यावर दरबाराने श्वेतकमळाच्या वेळची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. आईच्या सुतकासाठी हूनानला गेलेल्या झेंग ग्वोफान या विद्वान अधिकाऱ्याला तिथेच फौज उभारायला सांगितले. त्याने अधिकारी स्वतः निवडले, त्यांनी आपापल्या गावचे शेतकरी भरती केले, आणि पगार चांगला ठेवला. हा पगार आला कुठून? १८५३ मध्ये यांगझोऊजवळ मालावर शेकडा सुमारे एक या दराने एक नवी जकात सुरू झाली होती. काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. कालव्यावर दर काही कोसांवर नाका, प्रत्येक नाक्यावर बांबूचा अडसर, मोजणी, पावती आणि पावतीबाहेरचा हात. रेशमाचे एक गाठोडे शांघायला पोचेपर्यंत कितीतरी वेळा कर भरून यायचे. ही जकात प्रांतपाल वसूल करत आणि आपल्याच फौजेवर खर्च करत. पेकिंगला तिचा धड हिशेबही मिळत नसे. १८६४ मध्ये नानकिंग पडले आणि घराणे वाचले. झेंगने आपल्या फौजेचा मोठा भाग स्वतः मोडून टाकला, हा त्याचा मोठेपणा. पण त्याच्या हाताखाली पुढे आलेल्या ली होंगझांगची फौज राहिली, जकात राहिली, आणि प्रांतांची सवय मोडली नाही.

तिजोरीचा दुसरा दरवाजा परक्यांकडे गेला तो याच वर्षांत. दुसऱ्या अफू युद्धात १८६० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा पेकिंगला पोचल्या आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने युआनमिंगयुआनचा प्रासाद जाळला गेला. हाच एल्गिन दोन वर्षांत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि धर्मशाळेत वारला. दोन्ही देशांना प्रत्येकी ८० लाख ताएल द्यायचे ठरले आणि ते बंदरांच्या सागरी जकातीतून वळते झाले. ही जकात परदेशी अधिकारी बसवून चालवली जाई. १८६३ पासून आयरिश रॉबर्ट हार्ट तिचा प्रमुख होता. हार्टचे खाते काटेकोर होते, त्यात चोरी नव्हती, आणि पेकिंगला रोख पैसा नियमाने मिळू लागला. त्यामुळेच परक्या सावकारांना चीनकडे गहाण ठेवण्याजोगी एक भक्कम वस्तू सापडली. हार्ट चीनचा हितचिंतक होता, असे त्याची पत्रे वाचून वाटते. त्याने उभारलेल्या व्यवस्थेचा उपयोग पुढे कशासाठी झाला, हा वेगळा भाग.

१८६० नंतरच्या तीस वर्षांना आत्मबलाची चळवळ म्हणतात. शांघायजवळचा जिआंगनान शस्त्रकारखाना (१८६५), फुझोऊची जहाजगोदी (१८६६), आगबोटींची कंपनी, भाषांतराची शाळा. १८७२ पासून रुंग विंग याच्या पुढाकाराने १२० मुले अमेरिकेला शिकायला गेली आणि १८८१ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत बोलावली गेली. त्यांतल्याच झान तिआनयोऊने पुढे पेकिंगपासून झांगजियाकोऊपर्यंतचा अवघड लोहमार्ग बांधला. शांघायजवळ परक्यांनी परवानगीविना टाकलेली छोटी रेल्वे १८७७ मध्ये सरकारने विकत घेऊन उखडली, हे उदाहरण दरबाराच्या हटवादीपणासाठी नेहमी दिले जाते. मला त्यात परवानगीविना रूळ टाकणाऱ्यांविषयीचा रास्त संतापही दिसतो.

पैशाची ओढाताण कशी होती ते त्याच वर्षांत उघडे पडले. झुओ झोंगतांग वायव्येला शिनजिआंग परत जिंकायला निघाला होता आणि त्यासाठी परक्या बँकांची कर्जे काढत होता. ली होंगझांगला तोच पैसा आरमारासाठी हवा होता. आणि उत्तरेत १८७६ पासून पाऊस गेला. आपल्याकडे दख्खनचा १८७६-७८ चा दुष्काळ ज्या हवामानाने आणला, त्यानेच चीनमध्ये शान्शी आणि हेनान होरपळले. मृत्यूंचे अंदाज ९० लाखांपासून १ कोटी ३० लाखांपर्यंत आहेत. तिआनजिनच्या धक्क्यावर धान्याच्या राशी पडून होत्या. शान्शीत जाणाऱ्या गुग्वानच्या घाटवाटेवर खेचरे, उंट, गाडे आणि हमाल एकमेकांत अडकून पडत होते. जनावरे वाटेतच मरत आणि माणसे त्यांचे मांस खात. शतकभरापूर्वी याच साम्राज्याने सरकारी कोठारांच्या जोरावर मोठमोठे दुष्काळ निभावून नेले होते.

१८८४ मध्ये फ्रेंचांनी त्यांच्याच तज्ज्ञांच्या मदतीने उभारलेल्या फुझोऊच्या गोदीसमोर तिथले आरमार तासाभरात बुडवले. दहा वर्षांनी जपानने ली होंगझांगचे उत्तरेचे आरमार संपवले. आरमाराचा पैसा राजमाता त्सिशीच्या उन्हाळी महालाकडे वळला, हे खरे. किती वळला यावर वाद आहे. माझ्या मते त्याहून बोलकी गोष्ट अशी की दक्षिणेची आरमारे या युद्धापासून जवळजवळ अलिप्तच राहिली. प्रांताच्या पैशाने बांधलेली जहाजे प्रांताचीच होती. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने तैवान गेले आणि २० कोटी ताएल दंड बसला. जपानने घेतलेले लिआओडोंग परत मिळवण्यासाठी आणखी ३ कोटी. सरकारचे वर्षाचे उत्पन्न तेव्हा ९ कोटींच्या आतबाहेर होते. दंड भरायला रशिया-फ्रान्स आणि ब्रिटन-जर्मनी यांच्याकडून कर्जे काढली गेली आणि सागरी जकात गहाण पडली. मग जर्मनीने जिआओझोऊ, रशियाने पोर्ट आर्थर, ब्रिटनने वेइहाइवेई, फ्रान्सने ग्वांगझोऊवान घेतले.

१८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणांवर फार शाई खर्ची पडली आहे, म्हणून इथे थोडक्यात. तरुण ग्वांगशू बादशहाने कांग योवेई आणि लियांग छिचाओ यांच्या सल्ल्याने जूनपासून फर्मानांचा पाऊस पाडला. सप्टेंबरमध्ये त्सिशीने त्याला नजरकैदेत टाकले. तान सितोंगसह सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. कांग निसटला आणि पुढे काही काळ आपल्या दार्जिलिंगला राहिला. पेकिंगचे विद्यापीठ तेवढे टिकले.

बॉक्सर बंडखोरांकडे मात्र थांबून पाहायला हवे. शानडोंगमध्ये पीत नदीचे पूर, पाठोपाठ अवर्षण, जर्मनांचे रेल्वेचे खुंट, आणि मिशनऱ्यांच्या पाठबळावर खटले जिंकणारे गावातले ख्रिस्ती. शेतात काम नसलेली पंधरा-वीस वर्षांची पोरे देवळाच्या अंगणात जमत. नाटकांत पाहिलेले ग्वान यू किंवा वानरराज अंगात आणत आणि मग आपल्याला गोळी लागणार नाही असे मानत. जोसेफ एशरिक यांनी दाखवून दिले की ही कुठली जुनी गुप्त संघटना नव्हती. गावोगावच्या अंगात येण्याच्या रूढीतून ती फोफावली. चिंगला साथ, परक्यांचा नाश, ही त्यांची घोषणा. १९०० च्या जूनमध्ये दरबाराने त्यांच्या बाजूने युद्ध पुकारले. पण यांगत्सेच्या आणि दक्षिणेच्या प्रांतपालांनी ते फर्मान बाजूला ठेवून परक्या वाणिज्य वकिलातींशी परस्पर समझोता केला. १८५३ ला सुरू झालेल्या गोष्टीचे हे टोक होते. आठ देशांच्या फौजांनी ऑगस्टमध्ये पेकिंग घेतले. ब्रिटिशांच्या तुकडीत बहुतेक शिपाई हिंदुस्थानी होते. दंड ठरला ४५ कोटी ताएल, ३९ वर्षांच्या हप्त्यांत, चार टक्के व्याजाने. सव्याज तो ९८ कोटींवर जाणार होता. सुरुवातीला वर्षाला सुमारे दोन कोटी, आणि ते प्रांतांना वाटून दिले. प्रांतांनी जिल्ह्यांना, जिल्ह्यांनी गावांना.

याच गावांवर १९०१ नंतरच्या सुधारणा येऊन आदळल्या. सुधारणा खऱ्या होत्या. नवे सैन्य, पोलीस, शाळा, १९०६ चे अफूबंदीचे फर्मान, १९०९ मध्ये निवडून आलेली प्रांतिक मंडळे. शाळांसाठी देवळांच्या जमिनी घेतल्या, घर मोजण्यावर, मांसावर, मिठावर पट्ट्या बसल्या. शाळेत जाणार पैसेवाल्यांची मुले आणि पट्टी भरणार सगळे. म्हणून ठिकठिकाणी गावकऱ्यांनी नव्या शाळाच जाळल्या. १९१० मध्ये चांगशात तांदळासाठी दंगा झाला तेव्हाही शाळा सुटल्या नाहीत. १९०५ मध्ये सरकारी परीक्षा रद्द झाल्या. शान्शीतल्या चिछियाओ गावचा ल्यू दापेंग हा परीक्षा उत्तीर्ण झालेला गृहस्थ श्रीमंताघरी शिकवणी करून राही. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. आता आपण करायचे काय आणि शिष्य तरी कोण येणार, ही त्याची व्यथा तिच्यात पानोपानी आहे. गावाला राज्याशी जोडणारी हीच माणसे होती.

अखेरची ठिणगी रेल्वेची. सिचुआनची रेल्वे कंपनी परक्या कर्जाविना उभी राहावी म्हणून प्रांताने जमिनीच्या खंडावर सक्तीची पट्टी बसवून तिचे शेअर दिले होते. त्यामुळे लहानसहान जमीनवालाही भागीदार झाला. १९११ च्या मे महिन्यात मांचू राजपुत्रांनी भरलेल्या मंत्रिमंडळाने मुख्य लोहमार्ग सरकारी केले आणि चार देशांच्या बँकांकडून कर्ज घेतले. ज्या सरकारने बादशहाच्या फर्मानाने कर न वाढवण्याचे वचन दिले होते, त्याचे अंदाजपत्रक आता सुमारे ३० कोटी ताएलांचे होते आणि तरी तूट होती. सप्टेंबरमध्ये चेंगडूत निदर्शकांवर गोळीबार झाला. तिकडे हुबेईतल्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. मागे उरलेल्या नव्या सैन्याने १० ऑक्टोबरला वुचांगला उठाव केला. १९०९ च्या प्रांतिक मंडळांनी एकामागून एक प्रांत स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. क्रांतिकारकांचा नेता सुन यत्-सेन तेव्हा अमेरिकेत होता. १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या पुयीच्या नावाने गादी सोडण्यात आली.

नव्या प्रजासत्ताकाच्या तिजोरीत काय होते, हे पाहिल्यावर मला ही क्रांती अर्धीच वाटते. क्रांतीच्या गोंधळात सागरी जकातीचा पैसा थेट परक्या बँकांत जमा होऊ लागला. पूर्वी परकी अधिकारी फक्त हिशेब ठेवत. आता रक्कमही त्यांच्याच ताब्यात गेली. एप्रिल १९१३ मध्ये प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याने पाच देशांच्या बँकांकडून अडीच कोटी पौंडांचे कर्ज घेतले. हाती पडले सुमारे २ कोटी १० लाख, आणि त्यातूनही मागची देणी कापली गेली. तारण होते मिठावरचा कर. त्याच्या वसुलीवर देखरेखीसाठी सर रिचर्ड डेन यांना नेमण्यात आले. त्याआधी ते हिंदुस्थान सरकारच्या मीठ आणि अबकारी खात्याचे प्रमुख होते.